साळसूद चेहऱ्यांची माणसं

युद्धाच्या दिवसांवर किशोर कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकापुढचं पहिलं संकट म्हणजे नायिकेचे आईवडील. शत्रूची सोय इतिहासानं आधीच लावून ठेवलेली असते. तो वेळेवर येतो, बूट आपटतो, अपरात्री दारं ठोठावतो. पण आईचं काय करायचं? आई शहाणी आणि धडधाकट असली, तर दहा वर्षांच्या पोरीला पहाटेच्या अंधारात रानातून एकटीला धाडेल का? मग लेखक खटपटी करतात. कुणाच्या आईला परगावी पाठवतात, कुणाच्या बापाला तुरुंगात, आणि अगदीच काही सुचेनासं झालं की पोराला अनाथ करून मोकळे होतात. लोइस लोरी या अमेरिकन लेखिकेनं त्या मानानं फार सौम्य उपाय केला. तिनं आईचा घोटा मोडला.

‘नंबर द स्टार्स’ हे तिच्या कादंबरीचं नाव. १९८९ साली ती आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या शाळांमधली पोरं ती वाचत आली आहेत. मी वाचली तेव्हा माझं किशोरवय मागे पडून इतका काळ लोटला होता, की चाळिशी लावल्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं. पुस्तक आणलं होतं भाचीसाठी. पण मुलांच्या हाती द्यायचं पुस्तक आधी आपण चाळून पाहावं, असा एक जबाबदार विचार मनात आला आणि त्या विचाराच्या आडोशानं मी ते रात्री जागून वाचून काढलं.

गोष्ट १९४३ सालच्या कोपनहेगनमधली. जर्मन फौजा डेन्मार्कात शिरल्याला तीन वर्षं उलटून गेली आहेत. दहा वर्षांची अ‍ॅनमरी, तिची पाच वर्षांची धाकटी बहीण किर्स्टी आणि त्याच इमारतीत राहणारी अ‍ॅनमरीची मैत्रीण एलन रोझेन. रोझेन कुटुंब ज्यू. एक दिवस बातमी येते, की जर्मन आता इथल्या ज्यूंना पकडून नेणार. एलनचे आईवडील कुठंतरी लपतात आणि एलन अ‍ॅनमरीच्या घरी येते, अ‍ॅनमरीच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचं नाव घेऊन. मग आई तिन्ही मुलींना घेऊन समुद्रकाठच्या गिलेलाय गावी निघते, आपल्या भावाकडे. म्हणजे मुलींच्या मामाकडे. मामाचं नाव हेन्रिक, धंदा मासेमारीचा, लग्न केलेलं नाही, आणि घरात व्हायचा तो पसारा झालेला. आई पोहोचल्या पोहोचल्या आवराआवरीला लागते आणि भावाच्या लग्नाचा विषय काढते. मागे जर्मन लागलेले असोत की आणखी कुणी, माहेरी आलेली बहीण हा विषय काढतेच.

युद्ध मुलांपर्यंत कुठल्या वाटेनं पोहोचतं, हे या लेखिकेला नेमकं कळलंय. कातडं मिळेनासं झालंय, म्हणून किर्स्टीला माशाच्या कातडीचे बूट घ्यावे लागतात. हिरवट रंगाचे, वर खवल्यांच्या खुणा. त्या बुटांपायी ती जे रडते, जी आदळआपट करते, ती पाहून वाटतं, हिटलरच्या गुन्ह्यांची यादी किर्स्टीनं केली असती तर हे बूट पहिल्या क्रमांकावर असते. शेवटी एलन तोडगा काढते. माझे बाबा शाई लावून ते काळे करून देतील, म्हणते. पुढच्या काही दिवसांत त्या बाबांवर काय वेळ येणार आहे हे वाचणाऱ्याला कळतं, आणि त्या शाईच्या बाटलीकडे बघवत नाही. पण किर्स्टीला तेवढ्यापुरतं समाधान झालेलं असतं.

याच किर्स्टीचा वाढदिवस ऑगस्टच्या अखेरीस. २९ ऑगस्ट १९४३ रोजी डॅनिश नौदलानं आपली जहाजं जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून कोपनहेगनच्या गोदीत स्वतःच उडवून बुडवली, हा इतिहास आहे. कादंबरीत त्या रात्री आभाळ पेटलेलं बघून किर्स्टी घाबरते. आई तिला सांगून टाकते, अगं, ही तुझ्या वाढदिवसाची आतषबाजी! पुढे ती बया हे ऐटीत लोकांना ऐकवते, आणि सगळे मोठे माना डोलावतात. एका देशानं आपलं आरमार बुडवलं आणि त्याचा मान एका पाच वर्षांच्या मुलीला मिळाला. अशा थापा मारायला आईचंच काळीज लागतं.

खरं तर अख्खी कादंबरी थापांवरच उभी आहे. गिलेलायला पोहोचल्यावर मोठी माणसं मुलींना सांगतात, की बिर्टे नावाची एक म्हातारी नातेवाईक वारली. शवपेटी घरात येते, माणसं जमतात, दिवे मंद होतात. अ‍ॅनमरी विचारात पडते, कारण अशी कुणी म्हातारी आपल्या नात्यात नव्हती, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. रात्री जर्मन शिपाई येतात आणि पेटी उघडायला सांगतात. आई शांतपणे म्हणते, जरूर उघडा, आम्हालाही तिचं तोंड बघायचं होतं, पण टायफसनं गेली ना, डॉक्टरांनी पेटी बंद ठेवायला सांगितलीय. अधिकारी तिच्या थोबाडीत मारतो आणि निघून जातो. पेटीत पांघरुणं आणि गरम कपडे असतात, रात्री होडीतून निघणाऱ्यांसाठी.

मला या सगळ्यात शौर्य दिसलं ते तलवारीचं नाही, चेहऱ्याचं. अशा पुस्तकांबद्दल बोलताना लोक ‘निधडी छाती’ वगैरे म्हणतात. इथं छातीचा संबंध फारसा येत नाही. इथं लागतो साळसूदपणा. पोटात गोळा आलेला असताना तोंडावर काही न दिसू देणं, विचारलं त्याला उत्तर देणं, आणि गरजेपेक्षा थोडं जास्त बडबडणं. आपल्याकडे साळसूद म्हटलं की तो दुर्गुण समजतात. डेन्मार्कात त्यावर माणसांचे जीव वाचले.

आता त्या घोट्याकडे येऊ. रोझेन मंडळींना बंदरावर पोहोचवून परतताना वाटेत आई पडते, घोटा मोडतो. त्याच वेळी लक्षात येतं, की हेन्रिककडे पोहोचवायचं एक पाकीट गवतात पडून राहिलंय. होडी सुटायच्या आत ते जायलाच हवं. मग अ‍ॅनमरी एका टोपलीत पाव, चीज, सफरचंद भरते, तळाशी पाकीट लपवते आणि धावत सुटते. वाटेत शिपाई भेटतात. बरोबर दोन कुत्रे. आणि इथं लेखिकेनं एक झकास गोष्ट केलीय. अ‍ॅनमरी त्या क्षणी ठरवते, की आपण किर्स्टीसारखं वागायचं. धाकट्या बहिणीसारखं, म्हणजे भोचकपणे बडबडायचं, कुरकुरायचं, मामा डबा विसरला म्हणून सांगायचं, लष्कराचं काहीच कळत नाही असं दाखवायचं. घरातल्या सगळ्यात वैताग आणणाऱ्या माणसाची नक्कल करून ती स्वतःचा बचाव करते. धाकट्या भावंडांचा असा काही उपयोग असेल, हे जगातल्या कुठल्याही थोरल्या भावंडाच्या डोक्यात येणार नाही.

शिपाई टोपली उपसतात, पाव कुत्र्यांना टाकतात, शेवटी ते पाकीट सापडतंच. फोडतात, तर आत नुसता एक हातरुमाल. शिपाई वैतागून तिला सोडून देतात. अ‍ॅनमरी मामाकडे पोहोचते तेव्हा तिलाही कळत नसतं, की एका रुमालासाठी एवढा आटापिटा का. मामा नंतर सांगतो. होड्या तपासायला जर्मनांनी कुत्रे आणले होते, तळाशी लपलेल्या माणसांचा वास काढायला. त्या रुमालावर सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन यांचं मिश्रण होतं. रक्ताच्या वासानं कुत्रा रुमाल हुंगतो आणि कोकेननं त्याचं नाक थोडा वेळ बधिर होतं. ही लेखिकेची कल्पना नव्हे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेलं हे मिश्रण कोळ्यांनी खरोखर वापरलं.

भाचीनं पुस्तक संपवल्यावर मी तिच्या प्रतिक्रियेची वाट बघत होतो. मला वाटलं होतं, ती मैत्रीबद्दल बोलेल, नाहीतर भीतीबद्दल. ती म्हणाली, “मामा, त्या कुत्र्यांना नंतर सवय लागली असेल का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न रास्त होता.

हेन्रिक मामा कादंबरीत आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार पटली. त्याचं म्हणणं असं, की सगळं ठाऊक नसलं तर धीर धरणं सोपं जातं. म्हणून त्यानं अ‍ॅनमरीला मुद्दाम थोडंच सांगितलेलं असतं. आणि अ‍ॅनमरीच्या आईला त्याहून थोडं जास्त. प्रत्येकाकडे आपापल्या वाट्याचा तुकडा. मराठी घरांत ही पद्धत फार जुनी आहे. दादाच्या नोकरीचं आजोबांना सांगायचं नाही, आजोबांच्या रिपोर्टचं आजीला सांगायचं नाही, आणि आजीला सगळं आधीच कळलंय हे कुणालाच सांगायचं नाही. एवढा सराव असताना भूमिगत चळवळीत आपण मागे पडलो असतो असं मला वाटत नाही.

पुस्तकाबाहेरचा इतिहास थोडा खडबडीत आहे, आणि मला वाटतं तो मुलांना सांगायला हरकत नसावी. ज्यूंना पकडण्याची बातमी फोडली ती एका जर्मनानंच. गेओर्ग डुकवित्झ हा जर्मन वकिलातीतला जहाजवाहतुकीचा अधिकारी, त्यानं डॅनिश पुढाऱ्यांच्या कानावर घातलं. २९ सप्टेंबरला सकाळी, ज्यू नववर्ष तोंडावर असताना, कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये रब्बाय मार्कुस मेल्खियोर यांनी प्रार्थना थांबवून जमलेल्यांना सांगितलं, की घरी थांबू नका. दोन रात्रींनंतर धाड पडली तेव्हा बहुतेक घरं रिकामी होती. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सातशेच्या आसपास ज्यू नसलेले नातलग समुद्र ओलांडून तटस्थ स्वीडनला पोहोचले. ओरेसुंदची सामुद्रधुनी हेल्सिंगोरपाशी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. चार किलोमीटर म्हणजे काही नाही, असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं.

कादंबरीतला हेन्रिक पैसे घेत नाही. खरे कोळी घेत होते, काही तर भरपूर. त्यांचंही एक म्हणणं होतं. होडी जप्त झाली तर पोट कशावर भरायचं? ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी मग इतरांनी वर्गण्या काढल्या. आणि गिलेलाय, जिथं कादंबरीतली होडी सुखरूप सुटते, तिथंच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ऐंशी लोक कुणीतरी चुगली केल्यामुळे पकडले गेले. डेन्मार्कातून एकूण साडेचारशेंहून अधिक लोकांना थेरेसिनश्टाटच्या छावणीत नेण्यात आलं. लोरीनं गाव तेच निवडलं आणि माळ्यावरची गोष्ट बाजूला ठेवली. दहा वर्षांच्या वाचकासाठी ते योग्यच होतं, असं मी म्हणतो. पण तो वाचक पंधरा वर्षांचा झाला की कुणीतरी त्याला तो माळा दाखवायला हवा.

डेन्मार्कच्या राजाबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ज्यूंनी पिवळा तारा लावावा असा हुकूम निघाला तेव्हा दहावा ख्रिश्चन राजा स्वतःच तारा लावून घोड्यावरून निघाला, अशी. ऐकायला फार छान. अडचण एवढीच, की डेन्मार्कमध्ये तसा हुकूम कधी निघालाच नाही, त्यामुळे राजाला तारा लावायची वेळच आली नाही. तो पहारेकऱ्यांशिवाय रोज घोड्यावरून फेरी मारायचा, हे मात्र खरं. आणि त्याची दुसरी खरी गोष्ट मला ताऱ्याच्या गोष्टीहून जास्त आवडते. सप्टेंबर १९४२ मध्ये राजाच्या बहात्तराव्या वाढदिवसाला हिटलरनं त्याला लांबलचक, शुभेच्छांनी ओथंबलेली तार पाठवली. राजानं उलट तार केली ती एका ओळीची, आभार मानणारी, खाली सही. बस्स. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी गुलाबांसकट वीस ओळींच्या शुभेच्छा द्याव्यात आणि उत्सवमूर्तीनं नुसता अंगठा दाखवावा, तसं ते झालं. हिटलर इतका भडकला, की त्यानं आपला राजदूत परत बोलावला आणि दोन्ही देशांचे संबंध पार बिघडले. शिष्टाचार पाळून दुसऱ्याचा अपमान कसा करावा हे शिकवणारी शाळा पुण्याबाहेरही होती तर.

याच डेन्मार्कात काही पोरांना हा शिष्टाचार मंजूर नव्हता. ९ एप्रिल १९४० ला जर्मन आले आणि डेन्मार्कनं काही तासांतच शस्त्रं खाली ठेवली, तर शेजारचा नॉर्वे दोन महिने लढला. क्नुड पेडरसन नावाच्या शाळकरी मुलाला याची लाज वाटत होती. वडील पाद्री. बदली होऊन कुटुंब आल्बोर्गला आलं आणि एका जुन्या मठात राहायला लागलं. तिथं क्नुडनं, त्याच्या भावानं आणि वर्गातल्या मित्रांनी मिळून १९४२ च्या सुमारास ‘चर्चिल क्लब’ काढला. बाप देवाच्या सेवेत खाली, आणि पोरं वरच्या खोलीत जर्मनांच्या गाड्या कशा पेटवायच्या याच्या चर्चेत. वाहन एकच, सायकल. पाट्या उलट्या फिरवणं, गाड्या निकामी करणं, आग लावणं, आणि जमेल तिथून जर्मनांची शस्त्रं पळवणं. हे सगळं बहुतेक दिवसाउजेडी चालायचं. कारण संध्याकाळी वेळेत घरी पोहोचावं लागायचं. हिटलरच्या सैन्याला न जुमानणाऱ्या या मुलांना घरच्या वेळेची बंधनं मात्र मोडता येत नव्हती.

आमच्या पिढीला हे वाचून एकच माणूस आठवणार. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ते टॉक्‌. त्याचे लेखक भा. रा. भागवत यांना ही आल्बोर्गची पोरं ठाऊक होती की नव्हती, कोण जाणे. पण फाफे त्या मठात गेला असता तर त्याला ओळख करून द्यावी लागली नसती.

१९४२ च्या मे महिन्यात ही मुलं पकडली गेली. शस्त्र पळवताना कॅफेत काम करणाऱ्या एका बाईच्या नजरेत ती भरली होती. पुढे खटला, शिक्षा. आणि इथं हकिकत असं वळण घेते, की कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. क्लबातले वयानं थोडे मोठे असलेले तिघे आल्बोर्गच्याच तुरुंगात होते. त्यांनी करवतीचं पातं मिळवून खिडकीचा गज कापला. पळून गेले नाहीत. रात्री बाहेर पडायचे, जर्मनांचं जमेल ते नुकसान करायचे आणि पहाटेच्या आत कोठडीत परत येऊन झोपायचे. कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं, कारण संशयित तर आधीपासून तुरुंगात. नंतर पकडले गेले तेव्हा हा प्रकार उघड झाला. सकाळी पहारेकऱ्याला ‘सुप्रभात’ म्हणताना त्यांचे चेहरे कसे असतील, याचा मी बराच विचार केलाय.

डेन्मार्कात होड्या सुटत होत्या त्याच वर्षी, म्हणजे १९४३ मध्ये, आपल्याकडे सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होतं. महायुद्ध तेच, फक्त इथं दारं ठोठावणारे इंग्रजांचे होते. शाळेत आम्हाला बेचाळीसची चळवळ चार गुणांना होती. कारणे लिहा, परिणाम लिहा, नेत्यांची नावे लिहा. त्या चार गुणांत हौसाताई पाटील नव्हत्या. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक तेव्हा सतरा वर्षांची. भवानीनगरच्या पोलिस चौकीतली शस्त्रं हवी होती. मग चौकीसमोरच नवराबायकोचं भांडण लागलं. नवरा झालेला कार्यकर्ता बायकोला मारतोय, शिव्या देतोय, शेवटी त्यानं भला मोठा धोंडा उचलला, आता हिचं डोकंच फोडतो म्हणाला. हौसाताई ओरडतायत. पोलिस कितीही झालं तरी आपलेच लोक, बाईचा जीव जातोय म्हटल्यावर बाहेर धावले. ते मध्ये पडून समजूत घालताहेत तेवढ्यात बाकीच्यांनी चौकी साफ केली.

पुढे हौसाताईंनी म्हातारपणी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांची एक तक्रार कायम होती. त्या माणसानं खरंच जोरात मारलं. आणि मारणाऱ्याचं उत्तर, खरं वाटायला नको? नाटक मंडळींत दिग्दर्शक आणि नटीत होणारं हे जुनंच भांडण. फरक इतकाच की इथं प्रयोग एकदाच व्हायचा होता आणि प्रेक्षकांकडे बंदुका होत्या.

याच हौसाताई नंतर पोर्तुगीजांच्या गोव्यात गेल्या, तुरुंगातल्या एका सहकाऱ्याला सोडवायच्या कामगिरीवर. परतताना मध्यरात्री त्यांनी मांडवी ओलांडली ती लाकडी पेटीवर तरंगत, आजूबाजूला सोबती पोहत. मांडवीचं पात्र पणजीपाशी किती रुंद आहे हे ज्यांनी बघितलंय, त्यांना पुढचं काही सांगायला नको.

मुंबईत चौकीच्या त्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला सुरू, १२ नोव्हेंबरला पोलिस दारात. मधल्या काळात यंत्र या घरातून त्या घरात हलवत राहायचं, पोलिसांच्या गाड्या मागावर. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. पण त्यांची एक लहानपणीची आठवण मला या विषयात जास्त बसती वाटते. गुजरातेत लहान मुलांची प्रभातफेरी निघाली होती, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट पडली. मुलांना झेंडा पडल्याचं फार लागलं. मग एक युक्ती निघाली. भगव्या, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचे कपडे शिवले गेले आणि मुलं ते घालून रस्त्यावर आली. आता झेंडा हातात नव्हताच, मुलंच झेंडा झाली होती. त्यासाठी कुणाची तरी आई मशीनवर बसली असणार, आणि ‘एवढ्या कापडाचं करायचंय काय’ हे तिनं विचारलं नसणार. इतिहासात त्या आईचं नाव नाही. डेन्मार्कातल्या आईचा निदान घोटा तरी मोडला.

या सगळ्याची मराठीत एक चांगली किशोर कादंबरी व्हायला हवी, असं मला फार वाटतं. चरित्रं आहेत, गौरवग्रंथ आहेत, पुतळे तर आहेतच. माझ्या वाचनात मात्र तशी कादंबरी आलेली नाही, जिच्यात कुंडल किंवा इस्लामपूरच्या एखाद्या घरातली दहा वर्षांची पोरगी भाकरीच्या टोपलीत काहीतरी घेऊन निघते, आणि वाटेतल्या फौजदाराला उसाचं, म्हशीचं, धाकट्या भावाच्या खोकल्याचं इतकं ऐकवते की तो कंटाळून म्हणतो, जा बाई. आपण बेचाळीसबद्दल बोलायला लागलो की आवाज आपोआप चढतो. व्यासपीठ येतं, हार येतो. त्या आवाजात माशाच्या कातडीच्या बुटांचं रडगाणं ऐकू येणार कसं? चळवळीतल्या माणसांचे विनोद, त्यांची भांडणं, जोरात मारल्याची तक्रार, हे त्यांच्या मोठेपणाला कमीपणा आणतं असं आपल्याला वाटतं. ज्यांनी ते केलं, त्यांना तसं वाटत नव्हतं. हौसाताई ती गोष्ट हसत सांगायच्या.

तोवर आमच्या सोसायटीत डेन्मार्क चालू आहे. भाची सुट्टीत आली आणि तिनं गच्चीवर नाटक बसवायला घेतलं. अ‍ॅनमरी अर्थात ती स्वतः. एलन शेजारची तिची मैत्रीण, किर्स्टी कोण हे न विचारता ठरलं, कारण शेजारणीचा धाकटा भाऊ तालमीत आधीपासून रडत होता. ताईला घोटा मोडलेल्या आईचं काम मिळालं आणि बसून राहायला मिळणार म्हणून तिनं लगेच होकार दिला. आजीला बिर्टे म्हणून पेटीत झोपायला सांगितलं. “अगं, जिवंतपणी पेटीत घालतेस होय मला?” म्हणून आजी उखडली. भाचीनं समजावलं, की पेटीत कुणीच नसतं, त्यामुळे तुला काहीच करायचं नाही. त्यावर आजी आणखी उखडली. म्हणाली, मग मला घेतलंस कशाला?

मी माझ्या मनाशी हेन्रिक धरून बसलो होतो. मामा, एकटा, घरात पसारा. एवढ्या जुळत्या गोष्टी असताना दुसरं काही मिळण्याची शक्यताच नव्हती.

“मामा, तू जर्मन शिपाई,” भाची वहीत लिहीत म्हणाली.

“मी? का म्हणून?”

“तुला कुणी काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.”

ताई हसायला लागली. मी शक्य तितक्या साळसूदपणे म्हटलं, निदान अधिकाऱ्याचं तरी काम दे, थोबाडीत मारणाऱ्याचं.

“अधिकाऱ्याला संशय येतो, मामा,” ती म्हणाली आणि पुढचं नाव लिहायला लागली.